दुपारचे पिसाळ

दिग्विजय पिसाळनं सकाळी घेतलेले शेअर दुपारी कुणीतरी विकून टाकले होते, आणि ते कोणी हे त्याला कळत नव्हतं.

अडीच वाजता त्यानं कपाळावरची पट्टी काढली, डोळे चोळले, सवयीनं आधी मोबाइल उचलला आणि तो तसाच पलंगावर बसून राहिला. त्याची बायको केतकी ओट्यापाशी भांडी पालथी घालत होती.

"माझ्या फोनला हात लावलास तू?"

"मी कशाला लावू?"

"मग माझा माल कुणी विकला?"

"तुम्हीच की," केतकी म्हणाली. "मी आले तेव्हा फोन तुमच्याच पलंगावर होता."

"मी झोपलो होतो."

"झोपलेला माणूस दोन भाकरी खातो होय? कांदासुद्धा तुम्हीच फोडला. उगं काहीतरी बोलू नका."

दिग्विजयला भाकरीही आठवत नव्हती आणि कांदाही. तोंडाला मात्र कांद्याचा वास येत होता. त्यानं ॲपमध्ये शोधून पाहिलं. विक्रीच्या सौद्याला अंगठ्याची खूण लागते, आणि ही खूण डाव्या अंगठ्याची होती. ॲप घेताना दोन्ही अंगठे नोंदवायला सांगितले होते म्हणून त्यानं नोंदवले होते, एवढाच त्या अंगठ्याचा आणि शेअर बाजाराचा संबंध. बरं, चोर म्हणावा तर चोरही गुणाचा निघाला. त्या दिवशीच्या सगळ्यांत चांगल्या भावाच्या आसपास त्यानं माल विकला होता, आणि नंतर भाव धाडकन खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही.

दिग्विजय साताऱ्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत काचेच्या कारखान्यात कायमच्या रात्रपाळीला होता. काचेची भट्टी कधी विझवत नाहीत, त्यामुळे तिच्यापाशी रात्रभर माणूस लागतोच. बाटल्या तपासायचं काम आता यंत्रं करत. यंत्रांवर नजर ठेवायला दिग्विजय होता. आणि यंत्रांवर नजर ठेवण्याइतकं झोप आणणारं काम पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नाही. पहाटे माणसं डुलक्या घेत, कुणाचा तरी हात भाजे. म्हणून वर्षभरापूर्वी कारखान्यानं सगळ्या रात्रपाळीवाल्यांना ती पट्टी दिली होती.

पट्टीची कल्पना तशी जुनीच, निसर्गातली. डॉल्फिन पाण्यात असतो, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. सगळाच झोपला तर बुडेल, म्हणून तो मेंदूचा एक अर्धा भाग झोपवतो आणि दुसरा जागा ठेवतो. बदकं तसंच करतात. नव्या जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचीही एक बाजू जरा सावध झोपते. पाहुण्यांच्या घरी आपल्याला नीट झोप लागत नाही ती त्यामुळेच. पट्टी एवढंच करायची की त्या मूळच्या सवयीला हाताशी धरून, कवटीतून हळुवार लहरी सोडून आधी एका अर्ध्याला गाढ झोपवायची आणि मग दुसऱ्याला. आठपासून अकरापर्यंत उजवा अर्धा झोपे. नंतर अडीचपर्यंत डावा. झोप थोडी, पण अशी गाढ की रात्रभर डोळा मिटत नसे. सूचना फक्त एक होती: पट्टी असताना आडवं पडून राहा.

आता माणसाला फुकटचे तीन तास मिळाल्यावर तो आडवा पडून राहील, असं ज्यांना वाटलं त्यांनी माणूस पाहिलेला नसावा. सकाळी जागा राहणारा डावा अर्धा म्हणजे बोलणारा, आकडे मांडणारा. बाजार उघडतो सव्वानऊला. कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी तेवढ्यात त्याच दिवशी घेऊन विकायचं डे ट्रेडिंग शिकायला घेतलं. दिग्विजयनं कराडच्या एका सरांचा ऑनलाइन क्लास लावला. सर रोज रात्री नऊला आलेखावरच्या लाल-हिरव्या कॅन्डल, म्हणजे भावाच्या चढउताराच्या दांड्या, दाखवत आणि दर दहा मिनिटांनी म्हणत, "मार्केट तुम्हाला तुमची ओळख करून देतं." दिग्विजयला माल घ्यायचा कधी हे हळूहळू कळायला लागलं होतं. सोडायचा कधी, हे काही केल्या कळत नव्हतं. वर चढला तर अजून चढेल म्हणून धरून ठेवायचा, आणि पडला तर पुन्हा चढेल म्हणून. सर याला नवशिक्यांचा रोग म्हणत.

चौथ्या दिवशी तो केतकीला घेऊन पट्टीच्या डॉक्टरांकडे गेला. डॉ. मृणाल खरात कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दिग्विजयला कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं.

"मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "दिवसभर डाव्यानं काय पाहिलं, उजव्याला काय वाटलं, हे दोघं एकत्र झोपतात तेव्हा या पट्ट्यावरून इकडचं तिकडं होतं. तुमचे दोघं वर्षभर एकत्र झोपलेलेच नाहीत. एक झोपतो तेव्हा दुसरा जागा. दुपारी तुम्ही उठून जेवता, चालता, ते उजवा करतो. डावा हात त्याच्याच ताब्यात असतो. तो फारसा बोलू शकत नाही. आणि तुम्ही आत्ता माझ्याशी बोलताय, म्हणजे मुख्यतः डावा बोलतोय. त्याला दुपारचं ठाऊकच नाही."

"पण आत्ता दोघंही जागे आहेत ना?"

"आहेत. पण बोलणारा पुढं असतो. दुसऱ्याचं म्हणणं फार तर चुटपुट लागल्यासारखं वाटेल, काहीतरी राहिलंय असं."

दिग्विजयला ते बरोब्बर समजलं, पण त्याच्या भाषेत. कारखान्यात सात वाजता पाळी बदलते तेव्हा रात्रीचा माणूस सकाळच्या माणसाला चार्ज देतो. दोन नंबरची लाईन अडखळतेय, भट्टी जरा चढी आहे, तिकडच्या बेल्टवर लक्ष ठेव. दिग्विजय रोज मुबारक मुल्लाला असा चार्ज देऊन मगच घरी येई. चार्ज न देता पाळी सोडली की दिवसाचा माणूस आंधळाच. "म्हणजे आमच्यात चार्ज दिला-घेतला जात नाही," तो म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरा दिवस रजा घ्या, पट्टी ठेवून द्या, साधी झोप झोपा. आपोआप जुळेल."

"जुळेल म्हणजे? राहणार कोण, मी का तो?"

डॉक्टरांनी चित्राचा कागद त्याच्या हातात दिला. "कुणी जाणार नाही. पण दोघांनाही दुसऱ्याचं ऐकावं लागेल. नक्की कसं होतं ते आम्हीही अजून बघतोच आहोत."

दवाखान्याबाहेर आल्यावर स्कूटरला चावी लावता लावता केतकीनं विचारलं, "म्हणजे वर्षभर दुपारी माझ्याबरोबर जेवताय ते तुम्हाला काहीच माहीत नाही?"

"मी झोपलेला असतो तेव्हा."

"बसा," ती म्हणाली, आणि स्कूटर सुरू केली.

शहाण्या माणसानं पट्टी त्याच दिवशी कपाटात टाकली असती. दिग्विजयचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. त्याला जे येत नव्हतं, माल सोडायचा कधी, ते त्या दुसऱ्याला येत होतं. घरच्या घरी, फी न घेता शिकवणारा गुरू मिळालेला. त्याला वाटलं, उजवा अर्धा चित्रं ओळखतो म्हणतात. त्याला कॅन्डलमध्ये काहीतरी दिसत असणार. ते काय, एवढं कळलं की काम झालं.

मग तो रात्री जेवताना रोजचे आलेख काढून बसू लागला. दुपारच्या पिसाळांनी (घरात आता हेच नाव पडलं होतं) कुठल्या दिवशी कुठल्या क्षणी विकलं, त्यावर त्यानं सरांनी शिकवलेला एकेक निर्देशक लावून पाहिला. सरासरीची रेघ लावली, जोराची रेघ लावली. काही जुळेना. कधी लाल कॅन्डलवर विक्री, कधी हिरव्यावर. वेळ मात्र साधारण एकच, अकरानंतर थोड्या वेळानं. त्यानं सरांना विचारलं, तर सर म्हणाले, "अनुभव, पिसाळ. अनुभवाला पर्याय नाही." तो आणखीनच गोंधळला.

या सगळ्यात केतकीची एक गोष्ट पडून राहिली होती. ती सहकारी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची. पहाटे पाचला जायची, अकराच्या पुढं घरी यायची, संध्याकाळच्या संकलनाला पुन्हा चारला निघायची. डेअरीनं चंदगडला नवा प्लँट घातला होता आणि तिथली प्रयोगशाळा तिच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. चंदगड म्हणजे साताऱ्यापासून पार कोल्हापूरच्या पलीकडं, गोव्याच्या वाटेवर. जायचं तर घर हलवायचं, नाहीतर दोघांनी दोन गावांत राहायचं. तिनं सकाळी चहाच्या सुट्टीत फोन करून विचारलं तेव्हा दिग्विजय म्हणाला, "मार्केट बंद झाल्यावर बोलू." अडीचला विचारलं, तर बाजाराचा शेवटचा तास. साडेतीनला बाजार बंद व्हायचा तोवर ती केस विंचरून निघायच्या तयारीत. रात्री सरांचा क्लास, आणि क्लास संपता संपता कंपनीची बस. महिना असाच गेला.

शेवटी दिग्विजयला एक युक्ती सुचली. कारखान्यात जे करतात तेच करायचं, चार्ज द्यायचा आणि मागायचा. पट्टीचा दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आधी त्यानं फोनवर स्वतःचा आवाज भरला: "हे बघ पिसाळ, आज बँकेचे शेअर घेतलेत. भाव चढतोय. तू विकशील तेव्हा कशावर बघून विकतोस ते मला सांग. बोलता येत नसेल तर येईल तसं सांग." मग त्यानं रेकॉर्डिंग चालू करून फोन उशाशी ठेवला. एवढा मान त्यानं कुठल्या माणसाला कधी दिला नव्हता.

दुपारी उत्तर आलेलं होतं. त्यानं कान देऊन ऐकलं. पंख्याची घरघर. श्वास. पलंग करकरला. बाहेर कुणाची तरी गाडी येऊन थांबली, मग खुट्ट, मग दार. पुढं केतकीचा आवाज, कुकरची शिट्टी, ताटं. पिसाळांचा एक शब्द नाही. त्याला वाटलं, नादान निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विनवलं. पुन्हा पंखा, श्वास, गाडी, खुट्ट, दार. तो केतकीचं बोलणं पुढं सरकवत पिसाळांचा शब्द शोधत राहिला.

आठवड्यानं, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, मुबारकच्या चुलतभावाच्या लग्नाला काय आहेर द्यावा यावर चर्चा चाललेली असताना, त्याचा घास हातातच राहिला. ती गाडी केतकीची स्कूटर होती. आणि खुट्ट म्हणजे फोन पालथा ठेवल्याचा आवाज. त्यानं तिथंच वेळा ताडून पाहिल्या. रोज, स्कूटर थांबली की लगेच विक्री. दुपारचे पिसाळ आलेखाकडं ढुंकूनही बघत नव्हते. बायको आली की हातातलं काम आवरायचं आणि दार उघडायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. भाव चांगला मिळे तो निव्वळ योगायोगानं. सकाळची उसळी बरेचदा तेवढ्याच सुमाराला ओसरते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तो महिनाभर रेघा मारत बसला होता.

मग त्यानं ती सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकली. केतकी दुपारच्या पिसाळांशी खूप बोलत होती. फॅटमशीन बिघडल्याचं, पावडर मिसळलेलं दूध पकडल्याचं, आईच्या गुडघ्याचं. मध्येच हसत होती. दिग्विजयनं तेवढं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. हे हसणं त्याच्या ओळखीचं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं, आणि त्याला वाटलं होतं की वयानं गेलं. ते कुठंही गेलं नव्हतं. रोज दुपारी त्याच्याच घरात, त्याच्याच ताटासमोर ते चालू होतं, फक्त त्याच्या वाट्याला नव्हतं. बायकोचा संशय घेणारे नवरे त्यानं पाहिले होते. स्वतःचाच संशय घेण्याची वेळ आलेला तो पहिलाच असावा. कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि रागवायचं कुणावर तेही समजेना.

शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये केतकी म्हणाली, "मग कळवू का डेअरीला, येते म्हणून? तुम्ही याल ना?" नंतर नुसती पंख्याची घरघर, आणि मग तीच: "बरं."

त्या सकाळी तो घरी आला आणि पट्टी न लावता बसून राहिला. बाजार उघडला, त्यानं फोनला हात लावला नाही. केतकी अकरानंतर आली तेव्हा दार उघडंच होतं, आणि तो खुर्चीत ताठ बसला होता. तिनं त्याच्या कपाळाकडं पाहिलं.

"पट्टी नाही लावली?"

"नाही. तू चंदगडला जातेयस?"

"हो. काल कळवलं."

"मला न विचारता?"

"विचारलं की. तुम्ही हो म्हणालात."

"मी नाही म्हणालो. तो म्हणाला."

"मग भांडा त्याच्याशी," केतकी म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली.

दिग्विजयला बोलायचं बरंच होतं, पण बाहेर आलं ते एकच. "खरं सांग. तुला कोण पाहिजे? मी का तो?"

केतकीनं ओढणीनं मान पुसली, पाणी प्याली, मग त्याच्यासमोर बसली.

"तुम्हाला वाटतंय मी दुपारच्यांची बाजू घेणार. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. कुणीतरी ऐकतंय, दार उघडतंय, ताट वाढून घेतंय. बदली घेऊ का म्हटलं, तर मान हलवली. मला इतकं बरं वाटलं. मग शंका आली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलटं विचारलं, बदली नकोच ना घ्यायला? तशीच मान हलवली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, तुम्हाला सोडून कायमची जाऊ का मी? तरी हलवली, आणि वर माझ्या ताटात लोणचं वाढलं."

दिग्विजयला हसू आलं.

"सकाळचे तुम्ही मान वर करत नाही," केतकी म्हणाली, "आणि दुपारचे तुम्ही मान हलवण्यापलीकडं काही करत नाही. वर्षभर मी या दोघांत संसार करतेय. मला नाही म्हणणारं कुणी राहिलंच नाही घरात."

"मग डेअरीला होकार का कळवलास?"

"कुणीतरी नाही म्हणावं म्हणून."

ती उठून आत गेली. दिग्विजय खुर्चीत तसाच राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती साधी, सरळ भीती होती. झोपून उठल्यावर आपण नसलो तर? दुसरा कुणी उठून भाकरी खात बसला, आणि आपण म्हणजे त्याला लागलेली नुसती चुटपुट झालो तर? पट्टी पलंगावर पडली होती. ती लावली तर निदान सकाळपुरता तरी तो नक्की तोच राहणार होता. पण सकाळी घरी केतकी नसते.

त्यानं कारखान्यात फोन करून पंधरा दिवसांची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा "झोपायचंय" म्हणाला. पट्टी त्यानं डबीत घालून केतकीच्या हातात दिली आणि पडद्याकडं तोंड करून आडवा झाला. झोप लवकर येईना. मेंदूला सवय मोडायला वेळ लागत असावा. मग केव्हातरी तो सगळाच्या सगळा बुडाला.

तो उठला तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन खिडकीत आलं होतं. केतकी कामावर गेली नव्हती. पलंगाच्या कडेला बसून मेथी निवडत होती. तिनं त्याच्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं.

"कोण उठलंय?"

"माहीत नाही," दिग्विजय म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. डोकं जड होतं, आत कितीतरी गोष्टी एकदम आल्यासारख्या वाटत होत्या. लोणच्याची बरणी. कुणीतरी हसत असलेलं. बँकेचे शेअर. आईच्या गुडघ्याचं सांगतानाचा तिचा चेहरा, जो त्यानं कधी पाहिलाच नव्हता आणि तरी आठवत होता. काही एकमेकांत बसत नव्हतं. त्यानं पाणी मागितलं आणि ग्लास आधी डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग दोन्ही हातांनी धरून प्याला.

केतकीनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मी चंदगडला जाऊ का?" तिनं विचारलं.

दिग्विजयनं मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"नको जाऊस," तो म्हणाला. "म्हणजे तुझं काम मोठं आहे, मला कळतंय, तू जायला पाहिजेस. पण मला तिकडं यायचं नाही. भट्टी सोडून मला दुसरं काही येत नाही. आणि तू गेलीस तर मला इथं करमायचं नाही. तू नको जाऊस. नाही."

हे सगळं बोलून झाल्यावर तो स्वतःच गोंधळून तिच्याकडं पाहत राहिला. एका दमात एवढी उलटसुलट वाक्यं त्याच्या तोंडून वर्षभरात निघाली नव्हती.

केतकीचे डोळे भरून आले, पण आवाज चांगलाच चढला. तिनं पाय वर घेतले, ओढणीच पदरासारखी खोचली आणि त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"का नाही?" ती म्हणाली. "सांगा आता. का नाही?"